न पोचलेल्या मालाचा जाब



या व्यासपीठावरून वेदान्तापासून विज्ञानापर्यंत अनेक थोर विषयांची चर्चा झालेली आहे. माझा विषय त्या मानाने अगदी बाजारातला. घरबसल्या मोबाइलवरून वस्तू मागवली, पैसे चुकते केले आणि वस्तू काही दारी आली नाही, तर आपण करायचे काय, एवढाच तो विषय. मी वकील नव्हे. कारखान्याच्या फाटकावर उभे राहून, पगाराच्या पावत्या आणि व्यवस्थापनाच्या नोटिसा वाचता वाचता जेवढा कायदा पदरी पडला तेवढाच माझ्यापाशी आहे. परंतु तेवढ्याने एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हक्क कायद्याच्या पुस्तकात असणे निराळे आणि तो मागून घेणे निराळे. आजचे माझे सांगणे मुख्यतः मागण्याविषयी आहे.

प्रथम या व्यवहाराचे रूप पाहू. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आपण एका हाताने पैसे देतो आणि दुसऱ्या हाताने माल घेतो. फसवणूक तिथेही होते, परंतु वाण्याचे तोंड आपल्या ओळखीचे असते आणि त्याचे दुकान उद्याही तिथेच असते. पूर्वी मासिकातली जाहिरात वाचून लोक परगावाहून घड्याळे आणि पुस्तके व्ही. पी. ने मागवीत. पोस्टमन पार्सल घेऊन येई, आपण पैसे मोजू, आणि मगच ते हाती पडे. पार्सल वाटेत अडकले तर घोर व्यापाऱ्याला असे, कारण पैसे अजून आपल्या खिशात असत. आज मोबाइलवरच्या पुष्कळशा खरेदीत हा क्रम उलटा झाला आहे. पैसा आधी जातो आणि माल मागून येतो. मधले चार-आठ दिवस पैसाही त्यांच्याकडे आणि मालही त्यांच्याकडे. आपल्या हाती उरतो तो एक ऑर्डर नंबर. सगळी गोम येथे आहे. ज्याच्या हाती दोन्ही गोष्टी आहेत त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते.

हा तोल सावरण्यासाठीच कायदा आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्याही आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. म्हणजे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९८६ चा कायदा झाला तेव्हा मोबाइलवरचा बाजार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. म्हणून २०१९ साली नवा कायदा करण्यात आला आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात येऊ लागला. ऑनलाइन खरेदी करणारा मनुष्यही 'ग्राहक' आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी माल घेणारा त्यात येत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी शिवणयंत्र मागवणारी भगिनी ग्राहकच ठरते. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियमही निघाले.

आता माल आला नाही म्हणजे नेमके काय झाले? याचे तीन प्रकार आहेत, आणि ते निरनिराळे ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचे दार वेगळे आहे.

पहिला प्रकार असा की, खात्यातून पैसे वजा झाले पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही. हा दोष पैशाच्या वाटेतला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे, दुकानदाराकडे व्यवहाराची पुष्टी पोचली नसेल तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप खात्यात परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. येथे जाब विचारायचा तो बँकेला.

दुसरा प्रकार म्हणजे दुकानच खोटे निघणे. पाच हजारांची वस्तू पाचशेला देणारे एक संकेतस्थळ दिसते, आपण पैसे भरतो, आणि दुसऱ्या दिवशी ते दुकान जागेवर नसते. हा ग्राहकाचा तंटा नव्हे, ही चोरी आहे. येथे पत्रव्यवहारात वेळ दवडू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. तो जितक्या लवकर अडवला जाईल तितकी आशा अधिक.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत चिवट. दुकान खरे, ऑर्डर खरी, पैसेही पोचलेले. पण माल येत नाही. किंवा त्याहून चमत्कारिक म्हणजे, मोबाइलवर 'माल पोचता केला' अशी नोंद झळकते आणि आपले दार मात्र कुणी वाजवलेलेच नसते. मग सुरू होते टोलवाटोलवी. संकेतस्थळ म्हणते, आम्ही केवळ बाजार भरवतो, माल विक्रेत्याचा. विक्रेता म्हणतो, मी तर कुरियरच्या स्वाधीन केला. कुरियर म्हणतो, आमच्या दप्तरी पोचल्याची नोंद आहे. आम्हा युनियनवाल्यांना हे नाटक पाठ आहे. कंत्राटी कामगाराचा पगार थकला की मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार मालकाकडे. अशा वेळी एकाच्या मागे धावत सुटणे हा त्यांना हवा असलेला खेळ आहे. आपण पैसे भरले ते संकेतस्थळाच्या दारात, आणि माल घेतला विक्रेत्याकडून. म्हणून तक्रारीत दोघांनाही गोवावे. कुरियरशी त्यांचा काय करार आहे तो त्यांचा घरगुती प्रश्न.

२०२० च्या नियमांत या दोघांवर काही बंधने घातलेली आहेत. प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने तक्रार-निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि पत्ता आपल्या पानावर दाखवला पाहिजे. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तक्रार मिटवली पाहिजे. बाजार भरवणाऱ्या संस्थेने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा, म्हणजे ती कुठवर आली ते ग्राहकाला पाहता येईल. ग्राहकाने लेखी मागणी केली तर विक्रेत्याच्या मुख्यालयाचा पत्ताही तिने द्यायचा आहे. आणि ठरलेल्या मुदतीनंतर माल आला, तर काही अनिवार्य आपत्ती नसताना विक्रेत्याला तो परत घेण्याचे किंवा पैसे परत करण्याचे नाकारता येत नाही. उशिरा आलेल्या मालाची ही कथा, तर मुळीच न आलेल्या मालाविषयी वाद तो कसला?

तथापि हे सारे नियम कागदाने जागे होतात. आमच्या चळवळीतला पहिला धडा असा की, तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे. मदतकेंद्राला दहा वेळा फोन केला, गोड आवाजाच्या मुलीने दहा वेळा 'चोवीस तासांत होईल' असे सांगितले. यातले काहीही उद्या दाखवता येणार नाही. म्हणून माल ठरल्या दिवशी आला नाही की त्याच दिवशी ऑर्डरच्या पानाचे, ठरलेल्या तारखेचे आणि पैसे वजा झाल्याच्या नोंदीचे चित्र मोबाइलवर टिपून ठेवावे. मग तक्रार-निवारण अधिकाऱ्याला ई-मेल पाठवावा. त्यात ऑर्डर नंबर, रक्कम, पैसे भरल्याची तारीख आणि माल मिळाला नाही हे वाक्य, एवढे पुरे. 'पोचता केला' अशी नोंद असेल तर सही, छायाचित्र किंवा ओटीपी, जो काही पुरावा असेल तो मागावा. आणि आपल्याला हवे काय, पैसे की माल, ते एका ओळीत सांगून मुदत घालावी. राग आला असला तरी शिव्या लिहू नयेत. शिवी वाचून अधिकारी खूष होतो, कारण उत्तर न देण्यास त्याला निमित्त मिळते.

एवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिचा क्रमांक १९१५. ती निकाल देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवते, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते. पैसे कार्डाने भरले असतील तर माल मिळाला नाही या कारणासाठी त्या व्यवहारावर आक्षेप नोंदवण्यास बँकेला सांगावे. त्याला मुदत असते, म्हणून ते लवकर करावे.

शेवटचे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. त्याच्याविषयी लोकांच्या मनात फार भीती आहे आणि ती बहुतेक अनाठायी आहे. संकेतस्थळाच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, तंटा अमुक एका दूरच्या शहरातच चालेल. नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरून दाखल करता येते. मुदत आहे ती कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वस्तूची किंमत, व्याज, झालेल्या त्रासाची भरपाई आणि खर्च, हे सर्व मागता येते. आयोगाचा हुकूम कंपनीने पाळला नाही तर कैदेची आणि दंडाचीही तरतूद आहे. मालाची तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ याहून पुष्कळ अधिक लागतो. हे मी लपवीत नाही. पण दिरंगाई हे दार न ठोठावण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता कुणी म्हणेल, सातशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कोण करणार? प्रश्न रास्त आहे, आणि याच प्रश्नावर दुसऱ्या बाजूचा हिशेब उभा आहे. माझे सातशे, तुमचे चारशे, शेजाऱ्याचे बाराशे; प्रत्येक जण 'जाऊ द्या' म्हणतो, आणि थेंबे थेंबे त्यांचे तळे साचते. एकट्या कामगाराची दोन रुपयांची कपात भांडण्याजोगी नसते; हजार कामगारांची असते. म्हणून तर संघटना झाल्या. कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली आहे. एकच गाऱ्हाणे असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून तक्रार करू शकतात, आणि नोंदणी झालेली ग्राहक संघटनाही त्यांच्या वतीने उभी राहू शकते. आपल्या गृहनिर्माण संस्थेत, महिला मंडळात, वाचनालयात अशी गाऱ्हाणी एका वहीत नोंदवून पाहा. एकाच विक्रेत्याचे नाव चार वेळा आले की ते एकट्याचे दुर्दैव राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. माल आला नाही की आपला राग निघतो तो पाठीवर ओझे घेऊन जिने चढणाऱ्या पोरावर. त्याला दर पार्सलामागे पैसे मिळतात आणि घड्याळ त्याच्या मानेवर बसलेले असते. पुष्कळ ठिकाणी तो कंपनीचा नोकरही गणला जात नाही. अशा कामगारांची व्याख्या आपल्या कायद्यात प्रथम आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. माल हाती येण्याआधी त्याला ओटीपी सांगू नका, पाकीट फाटलेले दिसले तर त्याच्या देखत छायाचित्र घ्या, ही सावधगिरी अवश्य बाळगा. पण त्याने लबाडी केली असली तरी तुमच्याशी करार त्याचा नाही. ज्याने पैसे घेतले त्याचा आहे. जाब त्यालाच विचारायचा. दारातल्या गरिबावर ओरडून आपण त्या मोठ्या माणसाला मोकळे सोडतो.

बंधुभगिनींनो, ग्राहकाला संप करता येत नाही, फाटकावर सभा घेता येत नाही. त्याचे हत्यार एकच, तारीख घातलेला कागद. ते हत्यार स्वस्त आहे, कुणालाही चालवता येते, आणि ते वापरण्यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. घरी गेल्यावर आपल्या मोबाइलमध्ये पाहा. 'जाऊ द्या' म्हणून सोडून दिलेली एखादी ऑर्डर तिथे असेल. दोन वर्षे उलटली नसतील तर तिचे पत्र आज रात्रीच लिहा.