हार्ड डिस्क टकटक वाजतेय? आधी कॉपी, मग दुरुस्ती! जुन्या संगणकातल्या फाइल कशा वाचवाल?

लग्नाचे फोटो, गुणपत्रिकांचे स्कॅन, दुकानाचा हिशेब, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग... अनेक घरांत हे सगळं एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असतं आणि त्याची दुसरी प्रत नसते. डिस्क कुरकुरायला लागली, की संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिला जातो. अनेकदा फाइल कायमच्या जातात त्या याच खटपटीत.

संगणक बंद म्हणजे डिस्कही गेली का?

नाही. बिघाड पॉवर सप्लायमध्ये, मदरबोर्डमध्ये किंवा विंडोजमध्येही असू शकतो. अशा वेळी डिस्क बाहेर काढून साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉपची डिस्क बहुधा यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या डिस्कला वेगळा अॅडाप्टर लागतो. जोडल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणा.

टकटक आवाज का येतो?

डिस्कच्या आतल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचणारं हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. हेड बिघडलं की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, त्याचा हा आवाज. हेड तबकडीला घासलं तर वरचा थर खरवडला जातो. तिथला डेटा कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. म्हणून आवाज येताच वीज बंद करा.

याचं एक उदाहरण अवकाशातलं आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं. अवशेषांत सापडलेली एक हार्ड डिस्क जळून काळी पडली होती. तरीही तज्ज्ञांनी तिच्यातला जवळपास सगळा डेटा मिळवला. तबकड्यांवर ओरखडे पडले होते, पण डिस्क अर्धीच भरलेली होती आणि नुकसान डेटा नसलेल्या भागात झालं होतं.

काय करू नये?

• डिस्कचं झाकण उघडू नका. धुळीचा एक कणही घातक ठरतो.
• फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. आत ओलावा साचतो.
• सीएचकेडीएस्क किंवा डीफ्रॅग चालवू नका. ते त्याच डिस्कवर बदल करतात.
• मिळालेल्या फाइल त्याच डिस्कवर सेव्ह करू नका.

डिस्क दिसते, पण फार हळू चालते, मग?

पुन्हा न मिळणाऱ्या फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. कट नको, कॉपी करा. सिनेमे नंतर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळा 'कॉशन' इशारा दिसला तर थांबू नका.

कॉपी अडकत असेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू उपयोगी पडतं. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब भागाकडे नंतर वळतं. तयार झालेल्या प्रतीवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवून फाइल शोधता येतात. मूळ डिस्क तेव्हा बाजूला ठेवा.

चुकून डिलीट झालेल्या फाइल मिळतात का?

हार्ड डिस्कवर बऱ्याचदा मिळतात. डिलीट केल्यावर फक्त नोंद पुसली जाते. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत डेटा राहतो. म्हणून वापर लगेच थांबवा. एसएसडीमध्ये मात्र ट्रिम या सोयीमुळे तो लवकर पुसला जातो.

मराठी फाइल उघडली, पण अक्षरं विचित्र?

फाइल खराब झालेली नसेलही. युनिकोडपूर्वीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असायचा. तो फॉन्ट नसला की मजकूर अगम्य दिसतो. म्हणून जुन्या विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही कॉपी करा.

दुकानात देताना काय विचाराल?

डिस्क उघडणार असतील, तर क्लीन रूम आहे का? फाइल मिळाल्या नाहीत तर पैसे किती? आधी मूळ डिस्कची प्रत काढणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसरीकडे जा.

फाइल परत मिळाल्या, की दोन वेगळ्या साधनांवर प्रत ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवा.