लॅपटॉप भरला? फोटो नव्या डिस्कवर हलवा, पण जुन्या जागी 'पाटी' लावून

लग्नसराईत फोटोग्राफरचा लॅपटॉप किती लवकर भरतो, याचं गणित सोपं आहे. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण 25 एमबीची. एका लग्नात 3000 फोटो काढले, तर झाले 75 जीबी. सहा लग्नांत 450 जीबी! 512 जीबीच्या लॅपटॉपमध्ये मग श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. धायरीतला छोटा स्टुडिओ असो की घरी बसून रील एडिट करणारा विद्यार्थी, उपाय बहुतेकांचा एकच असतो. नवी एक्स्टर्नल हार्डडिस्क.

पण फाइल्स तिकडे हलवल्या की एडिटिंगचा प्रोग्राम कुरकुर करतो, 'फाइल सापडत नाही'. असं का होतं? आणि 'सिम्बॉलिक लिंक' त्यावर काय उपाय करते?

फाइल हरवते कशी?

आपण फोटो 'इम्पोर्ट' करतो तेव्हा ते प्रोग्रामच्या पोटात जातात, असं वाटतं. अनेक प्रोग्राममध्ये तसं होत नाही. फोटो डिस्कवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये असतात आणि प्रोग्राम फक्त त्यांचा पत्ता लिहून ठेवतो. फोल्डर हलवला की तो पत्ता चुकीचा ठरतो.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे काय?

धायरी गावातलं एखादं दुकान धायरी फाट्यावर गेलं, की जुन्या शटरवर पाटी लागते, 'दुकान स्थलांतरित झाले आहे' आणि खाली नवा पत्ता. सिम्बॉलिक लिंक म्हणजे हीच पाटी. फरक इतकाच, की पाटी वाचून गिऱ्हाइकाला चालत जावं लागतं. इथे ऑपरेटिंग सिस्टीमच प्रोग्रामला थेट नव्या जागी नेऊन सोडते. प्रोग्रामला वाटतं, फाइल्स जुन्याच ठिकाणी आहेत.

ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे तयार झालेल्या युनिक्सच्या 4.2बीएसडी या आवृत्तीत ती 1983 साली आली. विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून मिळाली.

मग डेस्कटॉपवरचा शॉर्टकट वेगळा कसा?

विंडोजचा शॉर्टकट ही स्वतंत्र छोटी फाइल असते. तुम्ही त्यावर डबल क्लिक केलं तर काम होतं, पण बरेच प्रोग्राम तिला खरा फोल्डर मानत नाहीत. सिम्बॉलिक लिंकला मानतात.

हे करायचं कसं?

1. आधी एडिटिंगचा प्रोग्राम बंद करा.
2. फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी करा. 'कट' करू नका. मध्येच वायर निघाली तर पंचाईत.
3. दोन्हीकडची फाइल्सची संख्या आणि एकूण साइज जुळवा. चार-पाच फोटो उघडून बघा.
4. जुन्या फोल्डरचं नाव बदला. उदाहरणार्थ, 'लग्न'चं 'लग्न जुनं'.
5. आता मूळ नावाने, मूळ जागी लिंक बनवा. मॅक आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये त्यासाठी 'एलएन -एस' ही कमांड आहे. तिच्यात आधी नवा पत्ता, मग लिंकचं नाव. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमकेलिंक /डी'. इथे क्रम बरोबर उलटा, आधी लिंकचं नाव, मग नवा पत्ता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट सहसा 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावा लागतो.
6. प्रोग्राम उघडून सगळं दिसतंय का ते तपासा. जुना फोल्डर मात्र लगेच डिलीट करू नका.

लाइटरूम क्लासिकसारख्या प्रोग्राममध्ये फोल्डर हलवण्याची स्वतःची सोय असते. तिथे लिंकच्या फंदात न पडता तीच वापरलेली बरी.

गडबड कुठे होते?

पहिली गोष्ट, डिस्क जोडलेली नसेल तर लिंक कुठेच जात नाही. पाटी आहे, पण दुकान बंद! विंडोजने डिस्कला 'ई'ऐवजी 'एफ' हे अक्षर दिलं किंवा मॅकवर तुम्ही डिस्कचं नाव बदललं, तरी हेच होतं. अशा वेळी फोटो गेलेले नसतात, फक्त पत्ता चुकलेला असतो. घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका.

दुसरी गोष्ट, नुसती लिंक डिलीट केली तर खऱ्या फाइल्सना धक्का लागत नाही. पण लिंक उघडून आतले फोटो डिलीट केले, तर ते नव्या डिस्कवरूनच जातात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लिंक म्हणजे बॅकअप नाही. फोल्डर दोन ठिकाणी दिसतो, म्हणून फोटो दोन ठिकाणी आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत एकच असते, तीही टेबलावरून खाली पडू शकणाऱ्या डिस्कवर. बॅकअप आणि क्लाउडचे अनेक प्रोग्रामसुद्धा लिंकच्या मागे जात नाहीत. ते फक्त पाटी उचलतात, दुकानातला माल नाही.

लग्न पुन्हा लागत नाही आणि ते फोटोही पुन्हा काढता येत नाहीत. त्यामुळे 'लग्न जुनं' हा फोल्डर डिलीट करण्याआधी फोटोंची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर आहे ना, हे स्वतः उघडून बघा. जागा त्यानंतरच मोकळी करा.