टँकरमागे चार किलो दगड

उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकातून आत शिरणारा दहा हजार लिटरचा टँकर पाण्याबरोबर चार किलो दगडही आणतो. गाळ नव्हे, वाळू नव्हे. पाणी अगदी नितळ असलं तरी. बोअरच्या पाण्याचा जडपणा (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला ४०० मिलिग्रॅम धरा, म्हणजे हिशेब जुळेल. दख्खनच्या कातळातून उपसलेल्या पाण्यात हा आकडा मुळीच दुर्मीळ नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार जडपणा २०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. थोडक्यात, चार किलोंचा हा टँकर नियमात बसतो.

याच पाण्याचा २०० मिलिलिटरचा एक पेला घ्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पेल्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन मोजायचे तर ते भरतात सुमारे ४,८०० परार्ध.

एवढे आले कुठून? महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलेला आहे. पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, किंचित आंबट होतं आणि बेसॉल्टच्या फटींतून उतरता उतरता खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत नेतं. धरणात थेट साठलेल्या पाण्याला हा प्रवास फारसा घडत नाही. मुंबई रोज भातसा, वैतरणा, तानसा वगैरे तलावांतून ३,८५० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी घेते. तेवढंच पाणी ४०० च्या जडपणाचं असतं, तर शहरात रोज १,५४० टन खडक नळावाटे उतरला असता, म्हणजे दहा टनी ट्रक १५४. कॉर्पोरेशनच्या पाण्याला नावं ठेवण्याआधी हा आकडा आठवावा.

आता घरात येऊ. चौघांच्या आंघोळीला रोज १०० लिटर पाणी तापतं असं धरू. तापवल्यावर सुटतो तो बायकार्बोनेटच्या रूपातला जडपणा. ४०० पैकी तो ३०० मिलिग्रॅम समजू. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं नेमकं उलटं. पाणी जितकं तापेल तितकं ते त्यातून बाहेर पडायला बघतं. गिझरमधून रोज ३० ग्रॅम जाणार. त्यातला दहावा हिस्सा आत थांबला तरी वर्षाला १.१ किलो होतो. कॉइल ८ मिलिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर लांब असेल आणि हा सगळा क्षार तिच्यावर एकसारखा चढला, तर वर्षाअखेरीस तिची जाडी ३ सेंटिमीटर होईल. प्रत्यक्षात कॉइल तापते, निवते, थर तडकतो आणि पापुद्रे गळून तळाशी साचतात. प्लंबर जुना गिझर उलटा करतो तेव्हा जी भसाभस पांढरी खडी पडते, ती हीच.

खरी गंमत कॉइलच्या तापमानात आहे. २,००० वॉट एवढ्याशा पृष्ठभागातून बाहेर पडायचे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,३०,००० वॉट झाले. भर दुपारच्या उन्हाच्या १३० पट! नंगी कॉइल ही उष्णता पाण्याला सहज देते. पण क्षारातून उष्णता जाम हळू सरकते. तांबं त्याच्या शंभराहून अधिक पट चांगलं वाहक आहे. थर फक्त १ मिलिमीटरचा असला, तरी तेवढेच वॉट ढकलायला आतल्या आणि बाहेरच्या बाजूत सुमारे १२० अंशांचा फरक लागतो. नळाला पाणी ६० अंशांचं येतं तेव्हा थराखाली कॉइलची कातडी १८० वर गेलेली असते. ‘कॉइल गेली’ हे वाक्य बोअरवाल्या सोसायट्यांत वारंवार ऐकू येतं ते म्हणूनच.

विक्रेते मात्र सांगतात की क्षारामुळे विजेचं बिल फुगतं. विजेच्या साठवणीच्या गिझरबाबत मला हे पटत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली. उशिरा का होईना, तिची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने जड पाण्यावर हीटर चालवून पाहिले, तेव्हा विजेच्या हीटरांची कार्यक्षमता जवळपास तशीच राहिली. घसरली ती गॅसच्या हीटरांची. तिथे ज्योत बाहेर आणि पाणी आत असतं. मधे थर आला की उष्णता धुरावाटे निघून जाते.

शिव्या गिझरला पडत असल्या तरी क्षार साठवण्यात घरातला अव्वल नंबर कूलरचा. नागपूर-अकोल्याकडच्यांना हे सांगायला नको. गिझरमधून पाणी वाहून जातं आणि बहुतेक क्षारही घेऊन जातं. कूलरमधून फक्त वाफ निघते, बाकी सगळं मागे राहतं. दिवसाला ६० लिटर पाणी उडालं तर २४ ग्रॅम, शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात २.४ किलो, आणि हा फक्त जडपणाचा हिशेब, मीठ वेगळं. ताट्या कडक होतात, वारा अडतो, आणि मग आपण मोटर बदलतो.

साबणाचा हिशेब तर फारच क्रूर आहे. एक ग्रॅम जडपणा सुमारे सहा ग्रॅम साबण खाऊन टाकतो आणि त्याची न विरघळणारी साय करतो. २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम जडपणा, म्हणजे फेसाचा पहिला बुडबुडा टिकण्याआधी ४९ ग्रॅम साबण वाया. कपड्यांना वडीऐवजी डिटर्जंट आलं यामागचं एक मोठं कारण हेच.

एवढं ऐकल्यावर जनरल बॉडीत सॉफ्टनरचा ठराव येतोच. यंत्र बसतं, कोणीतरी खिशातून टीडीएसचा पेन काढतो, आकडा आधीएवढाच दिसतो (कधी किंचित जास्तही), आणि सेक्रेटरीवर आरोप सुरू होतात. बिचारा पेन फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. सॉफ्टनर एक कॅल्शियम काढून दोन सोडियम घालतो. ४० च्या जागी ४६ वजन येतं. पेनचा आकडा उतरेल कसा?

ते सोडियम येतं मिठातून. शंभर फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ५४,००० लिटर आणि २१.६ किलो जडपणा. सॉफ्टनर पुन्हा ताजा करायला किलोमागे अडीच किलो मीठ धरलं तर रोज ५४ किलो, वर्षाला जवळजवळ २० टन. ते सगळं शेवटी गटारात. सांडपाणी शुद्ध करून बागेला देणाऱ्या सोसायटीत तर ते थेट मातीत जातं, आणि सोडियम काळ्या मातीचं काय करतं हे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारावं.

माणशी १३५ लिटरांपैकी ४५ लिटर फ्लशसाठी धरलेले असतात. संडासाच्या टाकीला मऊ पाण्याची काहीही गरज नसते. तेवढी एक पाइपलाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढली, तर रोजचं १८ किलो मीठ वाचतं. ठरावात ही ओळ मी फारशी पाहिलेली नाही.