ब्रेक लागतो तेव्हा वीज तयार होते

कल्याणहून आलेली फास्ट लोकल डोंबिवलीत शिरते तेव्हा कान देऊन ऐका. चाकांच्या खडखडाटाखाली एक लांबलचक गुणगुण असते आणि वेग उतरतो तसा तिचा सूर खाली खाली येतो. नव्या धाटणीची गाडी असेल, तर त्या क्षणी ती वीज खात नसते, वीज बनवत असते!

12 डब्यांच्या भरलेल्या लोकलचं वजन साधारण 700 टन धरा. ताशी 80 किलोमीटर वेगात तिच्यात जवळपास 48 युनिट ऊर्जा साठलेली असते, म्हणजे एका छोट्या कुटुंबाची आठवडाभराची वीज. पूर्वी ही ऊर्जा ब्रेक घासून, उष्णता होऊन हवेत विरायची. आता मोटरमनने ब्रेक लावला की गाडी ओढणाऱ्या मोटारीच जनित्र बनतात. चाकं त्यांना फिरवतात, त्यात चाकांचा वेग मरतो आणि तयार झालेली वीज छतावरच्या पँटोग्राफमधून वरच्या तारेत परत जाते. तिच्यावर ठाकुर्लीहून सुटणारी दुसरी लोकल वेग घेऊ शकते.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी वाफेवर धावली होती. 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू झाली, 1500 व्होल्टवर. ठाकुर्लीला तर रेल्वेचं स्वतःचं कोळशाचं वीजघर होतं. आज तारेत 25,000 व्होल्ट आहेत. दाब जास्त म्हणून प्रवाह कमी लागतो आणि तारेत वाया जाणारी वीजही घटते.

आपला देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. लोकलला मात्र डिझेल-पेट्रोल लागत नाही. तिची वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, हे खरं. पण उद्या त्याच तारेत सूर्याची, वाऱ्याची वीज आली, तर एकही डबा बदलावा लागणार नाही.

आपलं पेट्रोल जळतं ते स्टेशन गाठताना: ठाण्यात घोडबंदर रोडवर, डोंबिवलीत मानपाडा रोडवर. म्हणून चालता येईल असा फुटपाथ आणि वेळेवर येणारी बस मागणं, ही तेल वाचवण्याचीच मागणी आहे. सगळ्यात अवघड यंत्र तर आपल्या फलाटावर कधीचंच येऊन उभं आहे. तिथवरची वाट तेवढी नीट करायची आहे.