बोलोन्याहून फ्लॉरेन्सला : बसने की रेल्वेने?

इटलीच्या नकाशात बोलोन्या आणि फ्लॉरेन्स ही दोन शहरे शोधा. दोहोंमधील सरळ अंतर जेमतेम ८० किलोमीटर भरेल. बोलोन्या उत्तरेला, पो नदीच्या मैदानाच्या काठी. फ्लॉरेन्स दक्षिणेला, आर्नो नदीच्या खोऱ्यात. मध्ये मात्र अ‍ॅपेनाइन पर्वताची रांग आडवी पसरली आहे.

बोलोन्याहून निघणाऱ्या प्रवाशापुढे तीन मार्ग असतात. जलद आगगाडी सुमारे ३७ मिनिटांत फ्लॉरेन्स गाठते. जुन्या लोहमार्गाने, वाटेतील गावे घेत, बहुधा प्रातो येथे गाडी बदलून गेल्यास दीड तासाहून अधिक वेळ लागतो. तिसरा मार्ग बसचा. रेल्वे स्थानकाजवळच्या बसस्थानकावरून ती सुटते आणि दीड ते दोन तास घेते. यांतला कोणता मार्ग निवडावा?

तिकिटाचे दर पाहिले की प्रश्न सुटला, असे वाटते. पण वेळेत एवढा फरक का पडतो, हे तिकिटाच्या खिडकीवर कळत नाही. ते समजून घ्यायला आपल्याला चाकाखाली पाहावे लागेल.

आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरताना दोन्ही फारसे दबत नाहीत. त्यामुळे सपाट मार्गावर मंद गतीने एक टन वजन ओढायला साधारण २ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पुरते. बसचा रबरी टायर रस्त्यावर टेकतो तेथे चपटा होतो, पुन्हा फुगतो, आणि या खटाटोपात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बसला टनामागे ६ ते ८ किलोग्रॅम ओढ लागते. म्हणजे सपाटीवर रेल्वेची सरशी ठरलेलीच!

आता चढ घ्या. मार्ग हजार मीटरला २६ मीटर चढत असेल, तर एका टनामागे आणखी २६ किलोग्रॅम ओढ लागते. आगगाडीला सपाटीवर २ किलोग्रॅम पुरत होते, येथे २८ लागतात, एकदम चौदापट! बस हजारात ४० मीटरचा चढ चढू लागली, तर तिची गरज ७ वरून ४७ किलोग्रॅमवर जाते. म्हणजे सुमारे सातपट. शिवाय गुळगुळीत पोलादाची रुळावरची पकड कमी असते. ज्या गुणामुळे आगगाडी सपाटीवर हलकी धावते, तोच गुण डोंगरात तिला नडतो.

बोलोन्याहून अ‍ॅपेनाइन ओलांडून पिस्तोयाकडे जाणारा पहिला लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. त्याचा चढ हजारात २६ पर्यंत होता आणि तो ६१६ मीटर उंचीपर्यंत जात होता. आपल्या बोरघाटातील लोहमार्ग १८६३ सालचा. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे हजारात २७. एकाच वेळी, दोन देशांत, वाफेच्या एंजिनांपुढे जवळजवळ तीच अडचण उभी होती. आजही कर्जतला अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा एंजिने जोडतात. त्यामागचे गणित हेच आहे.

इटलीतील अभियंत्यांनी पुढे ठरवले, की डोंगर चढायचा नाही, पोखरायचा. १९३४ साली बोलोन्या ते प्रातो असा नवा मार्ग सुरू झाला. त्यातील मोठा बोगदा साडेअठरा किलोमीटर लांबीचा. त्या काळी जगात दुसऱ्या क्रमांकाचा. आल्प्समधील सिंप्लॉन बोगदाच काय तो त्याहून लांब होता. खोदताना पाणी आणि ज्वलनशील वायू यांनी कामगारांना पदोपदी गाठले, आणि त्यांतील अनेकांनी प्राण गमावले. मात्र चढ हजारात १२ वर आला. आता ओढ किती लागेल? १२ अधिक २, म्हणजे १४ किलोग्रॅम. पूर्वीच्या २८च्या बरोबर निम्मी! तेच एंजिन दुप्पट वजन ओढू लागले.

रस्त्याने वेगळी वाट धरली. मिलान ते नेपल्स या महामार्गाचा बोलोन्या-फ्लॉरेन्स टप्पा १९६० साली खुला झाला. तो पूल आणि बोगदे यांच्या मदतीने, पण वळणे घेत, सुमारे ७०० मीटर उंचीपर्यंत चढतो. टायरची पकड चांगली असल्याने वाहनांना ते जमते. अवजड मोटारींची रांग लागली, की मात्र बस त्यांच्या मागे अडकते. म्हणून २०१५ साली याच डोंगरात, कमी उंचीवरून आणि लांब बोगद्यांतून जाणारा दुसरा रस्ता सुरू झाला. शेवटी रस्त्यालाही रेल्वेचाच धडा गिरवावा लागला.

मग ३७ मिनिटांची किमया कोणाची? ती २००९ साली सुरू झालेल्या जलद मार्गाची. आजची विजेची गाडी इतकी शक्तिमान असते, की चढाचे तिला फारसे भय नाही. तिला भय वळणाचे. वेग तिप्पट केला, तर प्रवाशाला तेवढाच बाजूचा रेटा बसावा म्हणून वळणाची त्रिज्या नऊपट ठेवावी लागते. ताशी ३०० किलोमीटर वेगाचा मार्ग डोंगराच्या घड्यांतून वळवता येत नाही. म्हणून या साडेअठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे ७४ किलोमीटर बोगद्यांत आहेत. अ‍ॅपेनाइनचे दृश्य पाहायचे असेल, तर ही गाडी उपयोगाची नाही!

या वेगाची किंमत तिकिटावर छापलेली नाही. पर्वतातील खडकांच्या भेगांत पाणी साठलेले असते आणि तेच झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बोगदा त्या भेगांना छेदतो तेव्हा पाणी नवी, सोपी वाट धरून बोगद्यात उतरते. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील मुगेल्लो भागात या खोदकामामुळे अनेक झरे, विहिरी आणि ओढे आटले. प्रकरण फ्लॉरेन्सच्या न्यायालयात गेले. प्रवाशाचा वाचलेला तास कोणाच्या तरी विहिरीशी जोडलेला असतो, हे त्या गावकऱ्यांना शिकवावे लागले नाही.

तर मग काय निवडावे? बसला कमी लेखू नका. महामार्गावर शंभर किलोमीटरला ती सुमारे ३० लिटर डिझेल खाते. पन्नास प्रवासी असतील, तर माणशी ०.६ लिटरच पडते. दहाच प्रवासी असतील, तर माणशी तीन लिटर. आगगाडीचेही तसेच आहे. जलद गाडीच्या एकेका आसनामागे सुमारे एक टन वजन धावते, आणि रिकाम्या आसनाचे वजनही ओढावेच लागते. शिवाय वेग तिप्पट झाला, की हवेचा विरोध नऊपट होतो. वाहन कोणते यापेक्षा कधी कधी ते किती भरले आहे, याला महत्त्व येते.

वेळही दारापासून दारापर्यंत मोजावी. फ्लॉरेन्सच्या काही बस शहराबाहेर, महामार्गालगतच्या थांब्यावर उतरवतात. तेथून ट्रामने शहरात यायला २० ते २५ मिनिटे लागतात. आगगाडी थेट शहराच्या मध्यभागी आणते. उलट बोलोन्याला जलद गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत. खाली उतरायला वेळ हाताशी ठेवावा लागतो. घाई असेल, तर जलद गाडी घ्यावी. वाटेतल्या गावी उतरायचे असेल, तर जुन्या मार्गाची गाडी. पैसे कमी, वेळ भरपूर आणि डोंगर पाहण्याची हौस असेल, तर दिवसाची बस.

शेवटी एक प्रयोग. एक किलोग्रॅम वजनाची चाकांची खेळगाडी आणि एक मीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. फळी सपाट ठेवून ताणकाट्याने गाडी सावकाश ओढा आणि काटा वाचा. मग फळीचे एक टोक २.६ सेंटिमीटर उचलून पुन्हा ओढा. काटा सुमारे २६ ग्रॅमने पुढे सरकेल. पुढच्या वेळी घाटातून जाताना हे २६ ग्रॅम आठवा, आणि खिडकीतून झरे दिसतात का, तेही पाहा.