‘दीमेलो’मधला ‘मला’

मानवतसारख्या गावात स्पॅनिश शिकायची तर ती बहुधा मोबाइलवर आणि इंग्रजीच्या आधाराने शिकली जाते. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग आहेत, दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वांतेस आहे. पण मानवतहून दोन्ही लांब. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड जातं तेच आपल्या मुलांनाही अवघड म्हणून शिकवलं जातं, आणि मराठी माणूस जिथे खरोखर अडखळतो तिथे त्याला कोणी सावध करत नाही. ‘मला, तुला, त्याला’ अर्थाच्या सर्वनामांच्या बाबतीत हे फार घडतं.

‘आवडणे या अर्थाचं गुस्तार हे क्रियापद उलटं चालतं’ हा त्यातला सर्वांत पसरलेला गैरसमज. मराठी माणसाला ते उलटं वाटायचं कारणच नाही. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, ‘मला’ जागचा हलत नाही. हे आपण बोलायला लागल्यापासून बिनचूक करतो. मात्र प्रत्येक ‘मला’ असा जुळत नाही. मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, अशा ठिकाणी स्पॅनिश माणूस ‘तेंगो’ म्हणतो, म्हणजे माझ्याजवळ आहे.

दुसरी समजूत अशी, की ही सर्वनामं क्रियापदाला मागून कुठेही जोडता येतात. आजच्या भाषेत ती तीनच जागी चिकटतात: होकारार्थी आज्ञा, ‘सांगणे’सारखं मूळ रूप आणि ‘सांगत’सारखं चालू क्रियेचं रूप. ‘दीमे’ म्हणजे मला सांग, ‘दीमेलो’ म्हणजे ते मला सांग. माणूस आधी, वस्तू नंतर. नकार आला की दोघं सुटून पुढे जातात: ‘नो मे लो दीगास’, ते मला सांगू नकोस. साध्या वाक्यातही ‘मे दीसे’, तो मला सांगतो. ‘मला त्याला सांगायचंय’ हे ‘क्येरो देसिर्ले’ किंवा ‘ले क्येरो देसीर’ असं दोन्ही तऱ्हांनी म्हणता येतं. त्यातलं एक अशुद्ध आहे असं काही जण ठासून सांगतात, तसं मुळीच नाही. आणि सेर्वांतेसच्या ‘दोन किखोते’त (पहिला भाग 1605) ‘दीखोले’, म्हणजे ‘तो त्याला म्हणाला’, असं साध्या भूतकाळालाही सर्वनाम जोडलेलं जागोजाग दिसतं. वाचताना ती चूक समजू नये, ती त्या काळची रीत आहे.

आता खरा खड्डा. ‘त्याला म्हणजे ले’ असं पाठ केलेलं असतं आणि तिथेच घात होतो. नावांपुरत्या दोन्ही भाषा फार जवळच्या आहेत. आपण ‘झाड पाहिलं’ म्हणतो, पण ‘सीताला पाहिलं’. स्पॅनिशमध्येही झाड नुसतं येतं आणि सीतेआधी ‘आ’ येतो. ‘सीताला पुस्तक दिलं’ यातही तोच ‘आ’. इथवर ‘ला’ आणि ‘आ’ हातात हात घालून जातात. सर्वनाम आलं की वाटा फुटतात. त्याला पुस्तक दिलं, इथे ‘ले दी’. त्याला पाहिलं, इथे ‘लो बी’, आणि तिला पाहिलं तर ‘ला बी’. कसोटी सोपी आहे: वाक्यात त्याला द्यायची, सांगायची, दाखवायची दुसरी काही गोष्ट आहे का? असेल तर ‘ले’. स्पेनमध्ये एका पुरुषाबद्दल ‘ले बी’ही म्हणतात आणि तिथल्या भाषा अकादमीने ते मान्य केलं आहे, पण शिकणाऱ्याने आधी ‘लो’ पक्कं करावं.

आपल्या आदरार्थी बहुवचनाचा खड्डा वेगळाच. मानवतच्या मोंढ्यात कापसाचा लिलाव झाला, माप झालं, आणि आडत्या मुनिमाला म्हणाला, ‘काकांना पावती दे.’ काका एकच, रूप अनेकवचनी. स्पॅनिशमध्ये ‘काकांना’ ऐकून ‘लेस’ म्हटलं तर पावती बऱ्याच जणांना गेली. तिथे ‘दाले एल रेसीबो आल तीओ’ असंच हवं. तुम्ही या अर्थाच्या ‘उस्तेद’लाही एकवचनी ‘ले’च लागतं, आदर ‘उस्तेद’मध्ये असतो, वचनात नसतो.

याच वाक्यात ‘ले’ही आहे आणि ‘आल तीओ’ही, म्हणून कोणी ती द्विरुक्ती समजून ‘ले’ खोडतं. खोडू नये. बोलताना ते हवंच असतं, आणि ‘गुस्तार’बरोबर तर सोडताच येत नाही.

‘ती पावती त्यांना दे’ म्हणताना ‘दालेलो’ होत नाही, ‘दासेलो’ होतं. ‘ले लो’ कानाला बरं लागत नाही म्हणून ‘से’ आणला, असं कारण पुष्कळ ठिकाणी सापडतं. इतिहास निराळा आहे. लॅटिनमधल्या ‘इली इलुम’ या जोडीपासून जुन्या स्पॅनिशमध्ये ‘झेलो’ झालं, आणि पुढे उच्चार बदलत, ‘स्वतःला’ अर्थाच्या ‘से’मध्ये मिसळत, त्याचं ‘से लो’ झालं. म्हणजे ‘ले लो’ बदलून ‘से लो’ केलेलं नाही. ही जोडी वेगळ्याच वाटेने आली. एवढं मात्र खरं, की या ‘से’त त्याला, तिला, त्यांना, तुम्हाला असे सगळे मावतात. म्हणून गोंधळ होईल तिथे स्पॅनिश माणूस पुढे ‘आ एल’, ‘आ एया’ किंवा ‘आ उस्तेद’ जोडतो: ‘से लो दोय आ उस्तेद’, ते मी तुम्हालाच देतो.