एनबीए टू-के : खरे मैदान आणि खराच गल्ला

दर वर्षी सप्टेंबरमध्ये, एनबीएचा हंगाम सुरू होण्याच्या थोडे आधी, 'एनबीए टू-के' या व्हिडिओ गेमचा नवा भाग बाजारात येतो. मागच्या वर्षीचा गेम घरात असताना नवा कशाला, असा प्रश्न आईवडील विचारतात; सगळे मित्र नव्यावर गेले, असे उत्तर मुले देतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. मात्र सुमारे ७० डॉलर मोजून गेम घरात आणला म्हणजे खर्च संपला, असे मानणाऱ्या पालकांना क्रेडिट कार्डाचे पुढचे बिल वेगळेच काही सांगते. बास्केटबॉलचे इतके अचूक प्रतिरूप घडवणारा हा गेम इतक्या तक्रारी का ओढवून घेतो, हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते.

या मालिकेचा पहिला भाग १९९९ मध्ये सेगा कंपनीच्या 'ड्रीमकास्ट' या यंत्रासाठी आला; मुखपृष्ठावर अ‍ॅलन आयव्हरसन होता. तो घडवणारी 'व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स' ही संस्था २००५ मध्ये 'टेक-टू' या कंपनीने विकत घेतली. तोवर या क्षेत्रातील मोठे नाव 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'च्या 'एनबीए लाइव्ह'चे होते. २०१० मध्ये त्या कंपनीने 'एनबीए एलिट ११' या नावाने नवी सुरुवात करण्याचे ठरवले आणि गेम सदोष निघाल्यामुळे ऐनवेळी तो रद्द केला. त्याच मोसमात मायकेल जॉर्डनला घेऊन 'टू-के ११' आला. जॉर्डनच्या कारकिर्दीतील गाजलेले सामने त्यात पुन्हा खेळता येत. ही चढाओढ खऱ्या अर्थाने तेथेच संपली.

गेमचे आकर्षण प्रथम मैदानावरच कळते. येथे केवळ बटण दाबून चेंडू टोपलीत जात नाही. उडी घेतल्यानंतर चेंडू हातातून नेमका कोणत्या क्षणी सुटावा, हे खेळणाऱ्याला साधावे लागते, आणि तो क्षण प्रत्येक खेळाडूगणिक निराळा असतो. स्टीफन करीचा चेंडू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुटतो. एखादा उंच सेंटर मात्र सावकाश हात उचलतो. बचाव करणारा किती जवळ आहे, नेम धरणारा किती दमला आहे, या सगळ्याचा हिशेब पडद्यामागे चालू असतो. 'टू-के २४'पासून प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रीकरणावरून खेळाडूंच्या हालचाली उतरवण्याचे तंत्र वापरले जाऊ लागले, त्यामुळे चाल आणि लकब ओळखीची वाटते. केविन हार्लन याचे समालोचन कानावर पडत असताना शेजारच्या खोलीतील माणसाला खराच सामना लागला आहे असे वाटावे, इतपत मजल या गेमने मारली आहे.

खरे मर्म मात्र याच्याही पुढे आहे. पिक-अँड-रोल म्हणजे काय, बचावपटूने अडथळ्याच्या वरून जावे की खालून, कोपऱ्यातला थ्री-पॉइंटर इतका मोलाचा का, हे पुस्तकातून समजायला वेळ लागतो. येथे दोन-चार सामने हरल्यावर ते आपोआप कळते. क्रिकेटवर वाढलेल्या आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेल्या पिढीला मुलांच्या शेजारी बसून हा खेळ शिकण्याची याहून सोपी शाळा क्वचितच मिळेल.

या गेममधील 'मायएनबीए' हा विभाग तर व्यवस्थापनशास्त्राची प्रयोगशाळाच आहे. खेळणारा संघाचा सर्वेसर्वा होतो : वेतनावरची मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप सांभाळायची, करार करायचे, खेळाडूंची अदलाबदल करायची, नवोदितांची निवड करायची. 'टू-के २३'पासून यात कालखंड आले. लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन यांचे १९८३, जॉर्डनचे १९९१ किंवा कोबी ब्रायंटचे २००२ यांतून सुरुवात निवडता येते आणि त्या काळचे नियम, गणवेश, इतकेच काय, दूरदर्शनवरील चित्राचा पोतही बदलतो. १९८३-८४ च्या हंगामात एनबीएचा एखादा संघ सामन्याला सरासरी अडीचच्या आसपास थ्री-पॉइंटर घेत असे. आज ती संख्या पस्तिसाच्या घरात आहे. हा खेळ चाळीस वर्षांत कसा पालटला, याचा अनुभव हातात कंट्रोलर घेऊन मिळतो. संघ एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेण्याचीही सोय आहे, आणि ती काही कविकल्पना नव्हे. २०१३ मध्ये सॅक्रमेंटो किंग्ज हा संघ सिएटलला जाण्याच्या बेतात होता. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या पुढाकाराने एका गटाने तो विकत घेतला आणि सॅक्रमेंटोतच ठेवला. या विभागात आणखी पैसे ओतावे लागत नाहीत. उणीव एवढीच की जुन्या पिढीच्या कन्सोलवर कालखंड उपलब्ध नाहीत.

आता गल्ल्याकडे वळावे. मुले बहुधा मायएनबीए खेळत नाहीत. ती 'मायकरिअर' खेळतात. यात स्वतःच्या नावाचा खेळाडू घडवायचा आणि त्याला घेऊन मित्रांशी किंवा अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशी भिडायचे. हा खेळाडू १०० पैकी ६० या गुणांकनापासून सुरू होतो. एनबीएत बाकावरच्या शेवटच्या खुर्चीत बसणाऱ्याचे गुणांकनही सत्तरच्या आसपास असते, यावरून साठचा अर्थ कळावा. वर चढण्यासाठी लागते 'व्हीसी' हे आभासी चलन. ते २०१२ च्या 'टू-के १३'मध्ये आले. ऐंशीच्या पलीकडे जाण्यासाठी एक लाखाहून अधिक व्हीसी लागतात. एका सामन्यातून हाती येतात ते काही शे, फार तर हजार-दीड हजार. उरलेला रस्ता दुकानातून जातो. तेथे दोन लाख व्हीसींची किंमत अनेक वर्षे ५० डॉलर राहिली आहे, म्हणजे जवळजवळ आणखी एका गेमइतकी.

दुसरी गोम अधिक सूक्ष्म आहे. इतर अनेक गेममध्ये पैसे केवळ दिखाऊ गोष्टींवर खर्च होतात. येथे बूट, कपडे आणि नेमबाजीची क्षमता एकाच थैलीतून विकत घ्यावी लागतात. 'टू-के १८'मध्ये तर केस कापण्यासाठीही व्हीसी मोजावे लागत आणि नवी केशरचना आधी पाहण्याची सोय नव्हती. ओरड झाल्यावर दर कमी करण्यात आले. सरावाने खेळाडू घडतो हे ज्या खेळाचे मूळ सत्य, त्याच्या प्रतिरूपात पैशाने खेळाडू घडावा, ही विसंगती कितीही सुंदर चित्रांनी झाकली जात नाही. साठच्या खेळाडूला घेऊन मित्रांच्या संघात उतरणाऱ्या मुलाला कोणी चेंडूच देत नाही. त्याचा हट्ट चैनीसाठी नसतो, संघात जागा मिळावी यासाठी असतो.

'मायटीम' या विभागात खेळाडूंची कार्डे असतात आणि ती बंद पॅकमधून मिळतात. आत कोण निघेल हे नशिबावर. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा विक्रीला जुगार ठरवले. कंपनीला तेथे पॅकच्या विक्रीत बदल करावा लागला आणि तिने आपली असहमती नोंदवून खेळाडूंनाच लोकप्रतिनिधींशी संपर्क साधण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी 'टू-के २०'च्या जाहिरातपटात फिरते चक्र आणि स्लॉट मशीन झळकले, तेव्हा टीकाकारांना वेगळा पुरावा शोधावा लागला नाही. ब्रिटनने मात्र २०२२ मध्ये जुगार कायदा अशा पॅकना लावायचा नाही असे ठरवले. अमेरिकेत या गेमवर 'सर्वांसाठी' असे मानांकन असते आणि त्याखाली यादृच्छिक वस्तूंच्या खरेदीची बारीक सूचना. ती वाचली जात नाही, हे सांगायला नकोच.

ऑनलाइन सामन्यांचे दुखणे निराळे. ज्या गेममध्ये चेंडू सोडण्याचा क्षण सेकंदाच्या अंशात मोजला जातो, तेथे इंटरनेटच्या जोडणीतील किंचित विलंबही नेम चुकवतो. शिवाय एखादी हमखास चालणारी पळवाट सापडली की सगळे तीच वापरतात, आणि बास्केटबॉल बाजूला राहतो.

हे दोष वर्षानुवर्षे टिकण्याचे कारण उघड आहे. २०१८ च्या 'एनबीए लाइव्ह १९'नंतर घरच्या कन्सोलवर तोडीचा प्रतिस्पर्धी उरलेला नाही. गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नसेल, तर दुकानदार काटा कशाला दुरुस्त करील? त्यातच सर्व्हरची मुदत असते. 'टू-के २३'चे सर्व्हर ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले, आणि मायकरिअर व मायटीममध्ये जमवलेले सारे त्यांच्याबरोबर गेले. मालकीच्या भावनेने घेतलेली वस्तू प्रत्यक्षात दोन-सव्वादोन वर्षांच्या भाड्याची होती.

घरापुरता उपाय अवघड नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोन्हींवर मुलांच्या खात्यावरील खर्चाला आळा घालण्याची सोय आहे. ती गेम सुरू होण्याआधीच वापरलेली बरी. व्हीसी घ्यायचेच असतील, तर खात्याला क्रेडिट कार्ड न जोडता ठरावीक रकमेचे गिफ्ट कार्ड घ्यावे. ज्यांना केवळ मायएनबीएचे आकर्षण आहे, त्यांना सप्टेंबरमध्ये घाई करण्याचे कारणच नाही. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेपासून किंमत उतरू लागते, आणि तोवर सुरुवातीच्या बऱ्याच तांत्रिक चुका दुरुस्त होऊन संघांच्या याद्याही ताज्या झालेल्या असतात.